क्रीडासंघातील कलह आणि प्रशिक्षकाचे कौशल्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या या स्नेहसंमेलनात आम्हांस चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे आभारी आहोत. विषय कोणता घ्यावा, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही क्रीडासंघातील कलहाचा विषय सुचविला. ज्ञातिसंमेलनास हा विषय शोभेल काय, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. तथापि गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या तरुणांचा एकच कबड्डी संघ होता आणि यंदा त्याचे दोन झाले आहेत, ही गोष्ट येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. मैदानावरचे भांडण मैदानावर राहिले नाही. ते ओसरीवर आले, ओसरीवरून माजघरात गेले, आणि ज्या दोन घरांचा आजवर एका पंगतीचा व्यवहार होता, त्यांनी गेल्या वैशाखात एकमेकांच्या मंगलकार्यास जाण्याचे टाळले. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. कलह का उपजतो, कशाने वाढतो आणि त्यात प्रशिक्षकाच्या अंगच्या कौशल्याचा हात किती असतो, एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे. कारण संघासाठी नवा प्रशिक्षक नेमण्याचा ठराव आज सायंकाळच्या सभेपुढे यावयाचा आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. चौतीस वर्षे आम्ही शाळेत मुलांना शिकविले आणि त्या काळात मुलांचे संघ घेऊन तालुक्याच्या व जिल्ह्याच्या सामन्यांस पुष्कळ वेळा गेलो. जे पाहिले आणि निवृत्तीनंतर जे वाचले, त्यातील थोडे आपणांपुढे ठेवतो.

प्रथम कलह म्हणजे काय, ते पाहू. कबड्डीत दोन गडी हातात हात घालून साखळी धरतात आणि चढाई करणाऱ्यास घेरतात. एकाने क्षणभर आधी झेप घेतली किंवा दुसऱ्याने हात सोडला, की चढाई करणारा मध्यरेषा गाठतो आणि हातचा गुण जातो. मग एक म्हणतो, ‘तू घाई केलीस.’ दुसरा म्हणतो, ‘तू हात सोडलास.’ हे भांडण कामाचे आहे. त्यातून उद्याची साखळी घट्ट होण्याचा संभव असतो. परंतु तेच भांडण थोडे पुढे गेले, की ‘तू नेहमीच असा’, ‘तुमच्या घरचे सगळे असेच’, अशी भाषा सुरू होते. हे भांडण माणसाचे आहे, आणि त्यातून काहीही घट्ट होत नाही. खेळाचा शास्त्रीय अभ्यास करणारेही कामावरील मतभेद आणि माणसांमधील वितुष्ट यांत असाच भेद करतात. खो-खोत शेजारी शेजारी बसलेल्या दोन गड्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात, म्हणून काही ते एकमेकांचे वैरी ठरत नाहीत. तशी बैठक असते म्हणूनच दोन्ही बाजूंना पाठलाग करता येतो. तेव्हा मतभेद मुळीच नसावा, ही अपेक्षा व्यर्थ होय. कामाचे भांडण माणसाचे भांडण होऊ न देणे, हे प्रशिक्षकाचे खरे कौशल्य.

आता, एका प्रकारचे भांडण दुसऱ्या प्रकारात उतरते केव्हा? आमचा अनुभव असा, की ज्या दिवशी खेळाडूच्या मनात न्यायाविषयी संशय शिरतो, त्या दिवशी. एका शाळेत आम्ही असताना कबड्डीचा संघ निवडणारे एक सहकारी सामन्याच्या आदल्या सायंकाळी नावांची यादी फळ्यावर चिकटवून घरी निघून जात. एका वर्षी, सबंध पावसाळा ज्याने सरावाचा एक दिवसही चुकविला नव्हता, त्या मुलाचे नाव यादीत नव्हते. का नव्हते, हे त्यास कोणी सांगितले नाही. कदाचित कारण योग्यही असेल. परंतु मुलांनी आपापल्या परीने कारण शोधून काढले, आणि ते कारण जातीचे, वाडीचे व ओळखीचे होते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वाडीतील पाच मुले मोटारीच्या थांब्यावर आलीच नाहीत. बारांचा संघ सात गड्यांनिशी गेला. एकाचा पाय मुरगळला तेव्हा बदली खेळवावयास कोणी नव्हते.

पुढल्या वर्षी एक तरुण शिक्षक त्या कामावर आले. ते कबड्डीत मोठे निष्णात होते असे नाही. पण यादी लावण्यापूर्वी, ज्यांची नावे वगळली त्या प्रत्येक मुलास ते एकेकटे बोलावीत. ‘तुझी पकड चांगली आहे, पण दम कमी पडतो, महिनाभर रोज पळावयास ये, मग पुन्हा पाहू,’ असे तोंडावर सांगत. मुले रडत आणि रागावतही, परंतु दुसऱ्या दिवशी पळावयास येत. भांडणे त्याही वर्षी झाली. मात्र ‘त्यालाच का घेतले?’ या प्रश्नाच्या जागी ‘कोपऱ्यात कोणी उभे राहावे?’ हा प्रश्न आला. मुले तीच, मैदान तेच. बदलली होती ती सांगण्याची रीत.

हा अनुभव खेड्यातील शाळेपुरताच आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून याहून मोठ्या मैदानांकडे वळू. १९३६ साली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघात सी. के. नायडू, विजय मर्चंट, मुश्ताक अली, महंमद निसार, लाला अमरनाथ असे एकाहून एक खेळाडू होते. कर्णधारपद मात्र विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले होते, आणि ते खेळातील अधिकारापेक्षा धनाच्या व वशिल्याच्या बळावर गेले होते. त्या काळी संघासोबत आजच्यासारखा प्रशिक्षक नसे. कर्णधार आणि व्यवस्थापक यांनीच संघ सांभाळावयाचा. संघात नायडूंचे आणि कर्णधारांचे असे दोन तट पडले. लॉर्ड्सवरील एका सामन्यात अमरनाथ पॅड बांधून तयार असता त्यांच्या आधी इतरांना पाठविण्यात आले. दिवस संपता संपता त्यांना पाठविले. परतल्यावर त्यांचा संयम सुटला व खेळाडूंच्या खोलीत त्यांच्या तोंडून अपशब्द गेले. झाले! पहिला कसोटी सामना सुरू होण्यापूर्वीच त्यांना बोटीने मायदेशी परत धाडण्यात आले. तीन कसोट्यांची ती मालिका आपण २–० अशी गमावली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. १९३७ च्या आरंभी आलेल्या अहवालात कर्णधारांच्या नेतृत्वावर ठपका आला आणि अमरनाथ यांना दोषमुक्त ठरविण्यात आले. परंतु मध्ये महायुद्ध आले, आणि अमरनाथ यांना इंग्लंडच्या भूमीवर कसोटी खेळण्यास १९४६ साल उजाडावे लागले. न्याय मिळाला, पण दहा वर्षे गेली ती गेलीच.

यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. अमरनाथ रागीट होते, हे कोणी नाकारीत नाही. परंतु रागीट मनुष्य प्रत्येक संघात असतोच. त्यास ताटकळत ठेवावयाचे, कारण सांगावयाचे नाही, आणि भडका उडाला म्हणजे शिक्षा करावयाची, ही रीत ज्याच्या हाती संघ असतो त्याची असते. शेतात पेंढा असतोच. ठिणगी कोणी टाकली, हेही विचारले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण एका शिक्षकाचेच आहे, म्हणून आम्हांस ते विशेष प्रिय वाटते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. १९५० पासून ते भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ व १९६२ या दोन आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. २०२४ मध्ये निघालेला ‘मैदान’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, तो त्यांच्यावरचाच. १९६२ चा जाकार्ता येथील संघ पाहा. बंगालचे चुनी गोस्वामी कर्णधार, प्रदीपकुमार बॅनर्जी त्यांच्या जोडीला, हैदराबादकडचे बलराम, पंजाबचे जर्नेल सिंग, गोव्याचे फोर्तुनातो फ्रांको. भाषा निरनिराळ्या, क्लब निरनिराळे, आणि क्लबांचे हाडवैर तर सर्वश्रुत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०–२ अशी हार झाली. पुढे जर्नेल सिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. ते नाणावलेले बचावपटू. पण टाके पडलेल्या डोक्याने बचाव कसा करावा? रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीवर खेळविले. उपान्त्य सामन्यात जर्नेल यांनी गोल केला, आणि अंतिम सामन्यात सुमारे १ लाख प्रेक्षक विरोधात ओरडत असता त्याच दक्षिण कोरियावर भारताने २–१ असा विजय मिळविला, तेव्हा दोन गोलांपैकी एक जर्नेल सिंग यांचाच होता. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरलेले होते. पुढल्याच वर्षी, १९६३ मध्ये, ते निवर्तले.

एखाद्या नामांकित खेळाडूची जागा बदलणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नव्हे. जागा म्हणजे मान. जागा बदलली की मनुष्यास वाटते, आपला मान गेला. ज्या प्रशिक्षकावर खेळाडूचा विश्वास असतो त्याच्याच हातून हा बदल मान न दुखविता होतो, आणि तो विश्वास सामन्याच्या दिवशी मागून मिळत नाही. वर्षानुवर्षे साठवावा लागतो.

मान दुखविला गेल्यावर काय करावे, याचे एक उदाहरण परदेशातील आहे. अमेरिकेतील शिकागो शहराच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन. १९९४ च्या मे महिन्यात न्यू यॉर्कच्या संघाविरुद्ध सामना बरोबरीत होता आणि अवघे १.८ सेकंद उरले होते. मायकेल जॉर्डन यांनी आदल्या वर्षी निवृत्ती घेतल्याने स्कॉटी पिपेन हे संघाचे प्रमुख झाले होते. शेवटचा चेंडू टाकण्याचे काम जॅक्सन यांनी पिपेन यांना न देता टोनी कुकोच या नव्या खेळाडूस दिले. पिपेन रुसले आणि त्यांनी मैदानात उतरण्याचे नाकारले. कुकोच यांनी चेंडू टाकला, सामना जिंकला. पण खोलीत परतलेला संघ हरल्यासारखा बसला होता. जॅक्सन यांनी तेथे आगपाखड केली नाही. हा प्रश्न खेळाडूंनी आपसांत सोडवावा, असे म्हणून त्यांनी जागा मोकळी करून दिली. बिल कार्टराइट नावाचे ज्येष्ठ खेळाडू उठले आणि डोळ्यांत पाणी आणून आपले दुःख बोलले. पिपेन यांनी क्षमा मागितली. वृत्तपत्रकारांपुढे जॅक्सन यांनी घडले तेवढे एका वाक्यात सांगितले, त्यावर मीठमसाला चढविला नाही. पिपेन पुढील सामना खेळले आणि संघाने तो जिंकला. ती मालिका शिकागोने अखेर गमावली खरी. परंतु जॉर्डन परतल्यावर १९९६, १९९७ व १९९८ अशी सलग तीन वर्षे अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघात पिपेन आणि कुकोच एकत्र खेळले. केव्हा बोलावे हे पुष्कळांना कळते. केव्हा खोलीबाहेर जावे, हे फार थोड्यांना कळते.

येथे कोणी विचारील, की कलह असूनही संघ जिंकतातच ना? हा प्रश्न रास्त आहे. पश्चिम जर्मनीत रात्झेबुर्ग नावाच्या तळ्याकाठच्या गावी कार्ल आडाम हे शाळेत शिक्षक होते. तरुणपणी ते मुष्टियुद्ध खेळत. पुढे वल्हवण्याच्या शर्यतीचे ते जगातील अग्रगण्य प्रशिक्षक झाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालील आठ वल्हेकऱ्यांच्या नावेने सुवर्णपदक जिंकले, आणि १९२० पासून चालत आलेली अमेरिकेची मक्तेदारी मोडली. त्या नावेत हान्स लेंक नावाचे एक वल्हेकरी होते. ते पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्यांनी लिहून ठेवले आहे, की नावेतील खेळाडू दोन गावांच्या क्लबांतले होते, त्यांच्यात तट होते, ताण होता, आणि तरीही नाव अधिकाधिक वेगाने चालली. यावरून कलह हितकर असतो, असे अनुमान काढण्याची घाई आपण करू नये. नावेत आठही जण एकाच वेळी एकच हालचाल करतात. कोणी कोणाकडे चेंडू द्यावयाचा नसतो. कबड्डीच्या साखळीत मात्र शेजाऱ्याचा हात धरावाच लागतो, आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याचा हात मनापासून धरला जात नाही. दुसरे असे, की आडाम आपल्या खेळाडूंस केवळ आज्ञा देत नसत. सरावाच्या निर्णयांत त्यांना सहभागी करून घेत. ताण होता, पण तो बोलून दाखविण्यास जागा होती.

आता मुद्द्याची गोष्ट. हे कौशल्य जन्मजात असते काय? तसे असेल तर आपण हात जोडून बसावे. परंतु तसे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांचा अभ्यास केला. काही प्रशिक्षकांना त्यांनी थोड्या तासांचे शिक्षण दिले. ते शिक्षण साधे होते: चांगल्या प्रयत्नाची लगेच वाखाणणी करा, चूक झाली तर आधी धीर द्या, मग सुधारणा सांगा, चारचौघांत अपमान करू नका. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे दिसले, की शिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांचे संघ इतरांपेक्षा अधिक सामने जिंकले नाहीत. परंतु त्या संघांतील मुलांना आपले प्रशिक्षक अधिक आवडले आणि, हे महत्त्वाचे, आपले सोबतीही अधिक आवडले. १९९२ मध्ये याच धर्तीची दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. शिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांकडील शेकडा २६ मुलांनी पुढल्या वर्षी खेळ सोडला होता. शिक्षण घेतलेल्यांकडील केवळ शेकडा ५ मुलांनी. बंधूंनो, थोड्या तासांच्या शिक्षणाने एवढे घडते. आपण लग्नाच्या मांडवावर जेवढा खर्च करतो, त्याच्या शतांशात हे होण्यासारखे आहे.

तेव्हा आपल्या मंडळाने काय करावे? आमची सूचना अशी. प्रशिक्षक नेमताना तो एके काळी किती मोठा खेळाडू होता, कोणाचा पुतण्या आहे किंवा त्याच्या वडिलांनी मंडळास किती देणगी दिली, हे पाहू नये. तो वगळलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाहून कारण सांगू शकतो काय, हे पाहावे. जो कोणी नेमला जाईल त्यास प्रशिक्षणवर्गास पाठवावे आणि त्याचा खर्च मंडळाने सोसावा. मुलींच्या खो-खो संघासही हाच नियम लावावा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातील होते, हे आपल्या लेकींनी अभिमानाने ध्यानी ठेवावे.

प्रशिक्षकाने ऋतूच्या आरंभीच प्रत्येकास त्याचे काम सांगावे. रागवावयाचे ते एकांतात, वाखाणावयाचे ते सर्वांसमक्ष. उशिरा येणाऱ्यास जी शिक्षा, तीच कर्णधारास आणि तीच चिटणीसांच्या मुलास. बारीकसारीक कुरबुर मुलांनाच मिटवू द्यावी. परंतु कुरबुरीत घराण्याचे, वाडीचे किंवा कोणाच्या आईबापांचे नाव आले, की त्याच क्षणी खेळ थांबवावा.

आणि शेवटची विनंती प्रशिक्षकास नव्हे, तर येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस आहे. संघनिवडीच्या दिवशी आपण मैदानापासून दूर राहावे. मुलगा रुसून घरी आला तर त्यास जेवू घालावे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि एवढेच म्हणावे: ‘उद्या जाऊन तुझ्या सरांनाच विचार.’ काकांना, मामांना किंवा चिटणीसांना दूरध्वनी करू नये. प्रशिक्षकाने कितीही कौशल्याने विझविलेली ठिणगी ओसरीवरच्या फुंकरीने पुन्हा पेटते, हे आपण गेल्या वर्षी पाहिले आहे.

आपल्या दोन संघांत मिळून आज चोवीस मुले आहेत. ती सर्व आपलीच आहेत. दहा वर्षांनी त्यांच्यापैकी फारच थोडी मैदानावर असतील. परंतु सर्वच्या सर्व या मंडळात, एकमेकांच्या सुखदुःखात आणि एकमेकांच्या दारात असावयाची आहेत. ज्याचा हात धरून साखळी केली त्याच्याशी जन्मभर अबोला धरावयाचा की नाही, याचे शिक्षण त्यांना आज मैदानावर मिळत आहे. ते शिक्षण कोणाच्या हाती द्यावयाचे, याचा निर्णय सायंकाळच्या सभेत आपण शांत चित्ताने करावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.